शब्दाचे तुकडे

"ब्ले. से. म्हण रं."

"ब्ले. से," सयाजी म्हणाला.

हंबीररावांनी मान डोलावली. "आख्खा शब्द घशाखाली उतरत न्हाई. भाकरीगत मोडायचा. ब्ले-से, म्हंजी जखमी."

चुलीपुढे बसलेल्या मनुबाईनं जळतं लाकूड जोरानं आत सारलं. एकुलता एक पोरगा उद्या पलटणीत निघायचा, आणि बाप त्याला फ्रान्सची बोली शिकवत होता, तीही असली अभद्र. पण लढाई म्हणजे फ्रान्स, ही हंबीररावांची समजूत कुणी हलवावी? मागल्या लढाईत मांडीत गोळी घेऊन ते तिथल्याच चिखलात पडले होते. हाच शब्द ओरडले, म्हणून उचलले गेले.

"द-लो, पाणी. ओ-पी-ताल, इस्पितळ. लिवताना 'ह' लिवत्यात, पर बोलताना त्येबी खात्यात, आपल्यावाणीच." बापलेक हसले. मनुबाईला हसू फुटेना. सगळे शब्द पडलेल्या माणसाचेच होते.

"आवं, 'मेला' याला काय म्हंत्यात?" तिनं विचारलं.

हंबीररावांचा चेहरा उतरला. "त्यो शब्द घरात काढायचा न्हाई."

सयाजी गेला. पलटण फ्रान्सला गेलीच नाही, ब्रह्मदेशाला गेली. तिथं ही बोली कोणाला कळणार? पण मनुबाई जात्यावर बसली की तिच्या तोंडी तेवढंच असायचं, ब्ले-से, ब्ले-से. नवरा लंगडत का होईना, परत आला होता. लेकानं तसंच यावं, एवढंच तिचं मागणं होतं.

दोन वर्षांनी, भर उन्हात, सयाजीच्या पलटणीतला नाथाजी दारात उभा राहिला. मनुबाई तांब्या घेऊन धावली. नाथाजीनं हात पुढं केला नाही. वाईट सांगावा आणणारा त्या घरचं पाणी पीत नाही. त्यानं हंबीररावांना बाजूला नेलं आणि खालमानेनं काहीतरी सांगितलं.

"ब्ले-से?" मनुबाईनं विचारलं. तांब्या तसाच हातात होता. "आवं, ब्ले-सेच न्हवं?"

मराठीत सांगायला हंबीररावांची जीभ रेटेना. कधी न शिकवलेला तो शब्द त्यांनी फ्रेंचमध्येच उच्चारला.

"मॉर."

"तुकडं करून सांगा. आख्खा उतरत न्हाई."

"त्येचं तुकडं पडत न्हाईत, सयाच्या आई."