खालच्या मजल्यावरची चव

थोरली जाऊ धाकटीच्या स्वयंपाकघरात दाराला टेकून उभी होती आणि पातेल्यात काय काय पडतंय ते डोळ्यांत तेल घालून बघत होती. सासरे बाहेर जेवणाच्या टेबलापाशी पेपर चाळत बसले होते. आज मामंजींना वर घेऊनच जायचं, असं तिनं जिना उतरतानाच ठरवलं होतं. पण त्याआधी तिला धाकटीची चोरी पकडायची होती.

धाकटी नुकतीच ऑफिसातून आलेली. पर्स खुर्चीला अडकवली, हात धुतले आणि लागली कामाला. बटाटे रविवारीच उकडून ठेवलेले, मटार सोललेले. भात अर्धवट शिजला तसा तिनं गॅस बंद केला आणि झाकलेलं पातेलं जाड टॉवेलात गुंडाळून ठेवलं.

"उरलेला आपोआप शिजतो," ती म्हणाली. "उगाच गॅस कशाला जाळायचा, वहिनी?"

गॅस वाचला. जळत होती ती थोरली.

वरच्या मजल्यावर कांदा मंद आचेवर तासभर परतला जायचा. मसाला ताजा भाजायचा, ताजा वाटायचा. सासूबाईंनी हाताला धरून शिकवलं होतं, त्यात तिनं एवढासाही बदल केला नव्हता. पाठ धरायची, डोळे चुरचुरायचे. वाढता वाढता ती हे सगळं सांगायचीही. न सांगता या घरात कुणाला काही कळलंय?

वरच्या घराला रंग द्यायचा होता म्हणून मामंजी आठ दिवसांसाठी खाली राहायला आले. रंग वाळला, वास गेला, पडदे लागले. मामंजी काही जिना चढेनात. गुडघे म्हणावे, तर रोज बागेपर्यंत चालून येत होते. विचारलं की म्हणायचे, "इथली चव लागलीय गं जिभेला. अगदी हिच्या हातची." हिच्या म्हणजे गेलेल्या सासूबाईंच्या.

ते ऐकलं आणि थोरलीचा तिळपापड झाला. सासूबाईंच्या हाताखाली राबली कोण? धाकटी तर त्यांच्यामागून घरात आलेली, तिनं त्यांना फोटोपलीकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. राबायचं एकीनं आणि चव दुसरीच्या हाताला! शेजारीण जिन्यात गाठून विचारायची, "सासरे हल्ली खालीच का?" तेव्हा नोकरीवरून काढून टाकल्यासारखं तिचं तोंड व्हायचं. नवरा म्हणायचा, राहू दे की, तुझं काम कमी झालं. त्याला काय कळतंय!

विकतच्या मसाल्याची पुडी वापरत असणार ही. पुडी दिसली रे दिसली की मामंजींना हाक मारायची, एवढंच तिच्या मनात होतं.

धाकटीनं फ्रीझर उघडला आणि बर्फाचा ट्रे काढला. ट्रेमध्ये बर्फ नव्हता, लालसर तपकिरी चौकोन होते. त्यातले काही तिनं पातेल्यात टाकले, वर पाणी घातलं, मटार-बटाटे ढकलले. खदखद सुरू झाली. वास सुटला आणि थोरलीचं नाक थबकलं. वास तिच्या स्वतःच्या घरचा होता.

"हे काय आहे गं?"

धाकटीचा चेहरा उतरला. "वहिनी, तुम्ही दर रविवारी रश्शाचा डबा पाठवता ना... सगळा एकदम संपत नाही आणि टाकवत तर मुळीच नाही. म्हणून असा गोठवून ठेवते. मग आठवडाभर चार-चार तुकडे काढायचे."

तो डबा थोरली काही प्रेमापोटी पाठवत नव्हती. भाऊजींना खऱ्या जेवणाची आठवण राहावी आणि धाकटीला स्वतःच्या झटपट स्वयंपाकाची लाज वाटावी, म्हणून ती तो मुद्दाम काठोकाठ भरायची. म्हणजे इतके दिवस ती जळत होती ती आपल्याच रश्शावर. हसावं की रडावं तिला कळेना. मग मात्र अंगात बळ आलं.

"वा गं वा! आयत्या पिठावर रेघोट्या! आणि कौतुक तेवढं तुझं?"

"तुम्हीच सांगा त्यांना," धाकटी खाली बघत म्हणाली. "मला नाहीच येत असा करायला."

सांगणारच होती. थोरलीनं ट्रे उचलला, बाहेर आली आणि तो मामंजींच्या पेपरवरच ठेवला.

"मामंजी, ही चव धाकटीच्या हातची नाही. रस्सा माझा आहे. तासभर चुलीपुढे उभी राहते मी, कमरेचा काटा ढिला होतो, तेव्हा होतो हा असा. आता कळलं ना? मग चला वर. खोली आवरून ठेवलीय तुमची."

मामंजींनी ओला झालेला पेपर ट्रेखालून हळूच ओढून घेतला.

"रस्सा तुझा आहे हे मला पहिल्याच घासाला कळलं होतं," ते म्हणाले. "तुझ्या सासूची चव तुझ्याशिवाय आणखी कुणाच्या हाताला असणार? पण वर त्याच्याबरोबर तुझे कष्टही गिळावे लागतात गं. ते आता या वयात पचत नाहीत."