मधमाशीपालनाचे रखडलेले निकाल

“हा अभ्यासक्रम आणखी कुठल्या विद्यापीठात चालतो?” अभ्यासमंडळाच्या अध्यक्षांनी चहात बिस्किट बुडवत विचारलं.

“कुठेच नाही सर. आपलाच पहिला,” दुधाळ मॅडम म्हणाल्या.

“मग आपणच कशाला उडी मारायची?”

मधमाशीपालनाची एक वर्षाची पदविका दरवेळी याच प्रश्नावर अडायची. मॅडम बाहेर आल्या आणि त्यांनी शेजारच्या विद्यापीठातल्या नजमाला फोन लावला. तिचाही प्रस्ताव हाच, तिथेही आजच बैठक, तिथेही हाच प्रश्न.

“तू तिथे सांग, आम्ही जूनपासून सुरू करतोय. मी इथे सांगते, तुम्ही करताय,” मॅडम म्हणाल्या.

“आणि कुणी चौकशी केली तर?”

“अगं, आपले लोक चौकशी करतात होय?”

मॅडमनी आत जाऊन सांगितलं आणि अध्यक्ष ताडकन उठले.

“ते जूनपासून? मग आपण जानेवारीपासून! मंजूर!”

मॅडमचे डोळे भरून आले. तोवर अध्यक्षांनी तिकडच्या अध्यक्षांना फोन लावून ही बातमी ऐकवलीही. पलीकडचं ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

“ते म्हणतात, त्यांचा अभ्यासक्रम गेल्या वर्षीच सुरू झालाय! लिहून घ्या, आपला त्याच्याही आधीच्या वर्षापासून. पूर्वलक्षी प्रभावाने.”

“पण सर, विद्यार्थी?” मॅडम पुटपुटल्या.

अध्यक्षांनी बोटांवर हिशेब केला आणि त्यांचा आवाज चढला. “म्हणजे एव्हाना दोन तुकड्या पास व्हायला हव्या होत्या. मॅडम, निकाल कुठे आहेत?”

मंजुरीचं पत्र अजून यायचंय. निकाल रखडवल्याबद्दलची कारणे दाखवा नोटीस मात्र मॅडमना त्याच दुपारी मिळाली.