पाचवी नखी

"चहा विचारायची पद्धत नाही का तुमच्यात?" सेनापती लुआनने ओट्यावर ऐसपैस बसत विचारलं.

"चहा संपलाय," दिंगआजी म्हणाली आणि तिने दोघा पाहुण्यांपुढे गरम पाण्याचे वाडगे आदळले.

छिन मास्तरांची नजर कोनाड्याकडे गेली. तिथे चहाचा पत्र्याचा डबा होता, झाकण घट्ट लावलेला. निंग्शियातल्या मुसलमान घरात वैऱ्यालाही लाल बोरं घातलेला चहा मिळतो. म्हातारीने मुद्दामच पाणउतारा करायचं ठरवलं होतं तर. छिनना मनातून ते आवडलं.

सम्राटाची गादी जाऊन बारा वर्षं झाली होती, पण त्याच्या गालिच्यांवर बसायची हौस लुआनसारख्यांना आता आली होती. त्याच्याकडे राजवाड्याचे अकरा गालिचे होते. बारावा याच घरात आहे, अशी कुणकुण त्याला उन्हाळ्यात लागली, आणि त्याने तेव्हाच निरोप धाडला होता: बर्फ पडायच्या आत बीजिंगहून पारखी आणतो, गालिचा अस्सल निघाला की उचलतो. विकणार का, हे त्याने विचारलंच नव्हतं.

पारखी म्हणजे छिन. चाळीस वर्षांत ते गालिच्याबद्दल एकदाही खोटं बोलले नव्हते. त्या खरेपणाचाच त्यांना अलीकडे वीट आला होता. त्यांनी 'अस्सल' म्हणायचं आणि लुआनच्या शिपायांनी गालिचा गुंडाळायचा, असं या महिन्यात तीन घरांत झालं होतं.

"दाखव," लुआन म्हणाला.

"दाखवते. द्यायचा मात्र नाही." आजीने गालिचा जमिनीवर उलगडला. "माझ्या नवऱ्याच्या पणज्याने विणलाय, सम्राटाच्या आसनासाठी. राजवाड्यासाठी नेहमी दोन विणायचे. एक गेला, दुसरा मागवलाच नाही कुणी. तुझा बाप आमच्या दारात खेचरावरून लोकर आणायचा ना, लुआन, तेव्हाही हा इथेच होता. पायताण काढल्याशिवाय तुझ्या बापाने कधी उंबरा ओलांडला नाही."

लुआनचे कान लाल झाले. त्याने बूट तेवढे मागे घेतले.

छिन गुडघ्यांवर बसले. गालिच्याच्या पिवळ्या जमिनीवर एकच ड्रॅगन, ढगांतून वळसे घेत उतरलेला. चार पाय, प्रत्येक पायाला पाच निळ्या नख्या. या महिन्यातलं हे चौथं घर.

तरी ते नेहमीप्रमाणे पाचव्या नखीकडे वळले. पाच नख्यांचा ड्रॅगन फक्त सम्राटाचा. राजपुत्राला गालिचा बक्षीस मिळाला, तर प्रत्येक पायाची एक नखी उपसून मगच तो द्यायचे. हल्ली ठग अशा चार नख्यांच्या गालिच्यांवर पाचवी नखी नव्याने विणत आणि सम्राटाचा म्हणून खपवत. म्हणून पारखी आधी तीच बघतो.

छिननी भिंग लावलं आणि बोटांनी लोकर दुभंगली. पहिल्या चार नख्यांची लोकर टोकाला विटलेली, मुळाशी गर्द. दीडशे वर्षांचं ऊन असंच दिसतं. पाचवीची लोकर टोकापासून मुळापर्यंत एकसारखी निळी.

त्यांनी रुमाल ओला करून तिच्यावर घासला. रुमाल निळा झाला. बाजारात पुडीत मिळतो तो स्वस्तातला रंग. गाठी मात्र फार सुरेख होत्या. असा हात हल्ली बघायला मिळत नाही. एवढं कसब असणाऱ्याला रंग पक्का करता येऊ नये, याची त्यांना हळहळ वाटली. त्यांनी उरलेले तिन्ही पाय तपासले. तिथेही तेच.

"पाचवी नखी नंतरची आहे," ते म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. खरं बोलूनही आज कुणाचं काही जाणार नव्हतं. "चारही पायांची. सेनापतीसाहेब, हा सम्राटाचा गालिचा म्हणून मी लिहून देऊ शकत नाही."

"खोटं," आजी कडाडली. "डोळ्यांत मोतीबिंदू झालाय तुमच्या. आमच्या घराण्याला ठग म्हणता?"

"आजी, हा रुमाल बघा."

"रुमाल घाला चुलीत. पाच नख्या आहेत, मोजा. सम्राटाचाच आहे हा, आणि मरेपर्यंत मी तेच म्हणणार."

लुआनने रुमाल हातात घेतला आणि तो खदाखदा हसला. नव्या वर्षाला त्याच्याकडे थिएनजिनचे मोठमोठे संग्राहक यायचे होते. त्यांच्यासमोर हा अंथरला असता, तर त्यांनी त्याला जन्मभर चिडवलं असतं.

"म्हणत बस, म्हातारे," तो उठत म्हणाला. "मिरच्या वाळत घाल याच्यावर. चला मास्तर, इथे तोंड धुवायलाही कुणी पाणी देणार नाही."

त्याने छिनना दंडाला धरूनच बाहेर काढलं. शिपाई घोड्यांवर बसले, धूळ उडाली. आजी दारात उभी राहून लुआनच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. गल्लीतल्या बायका तोंडावर हात धरून हसत होत्या. एवढी फजिती होऊनही म्हातारीचा आवाज जरासुद्धा खाली आला नव्हता.

नाक्यापाशी आल्यावर छिनना आठवलं, भिंग गालिच्यावरच राहिलं. घोडेस्वारांना पुढे जायला सांगून ते पायीच परत फिरले. म्हातारीची दोन शब्दांत क्षमा मागावी, असंही त्यांच्या मनात होतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आजी गालिच्यावर मांडी घालून बसली होती. त्यांचंच भिंग डोळ्याला लावून ती सुईने एकेक नवी निळी गाठ उपसून चुलीत टाकत होती. चहाचा डबा शेजारी उघडा होता. त्यात चहा नव्हता. कागदाच्या चार पुड्या होत्या, एकेका पायाची एकेक, आणि सोडलेल्या पुडीत लोकरीचे बारीक निळे तुकडे, टोकाला विटलेले, मुळाशी गर्द.

ती दचकली नाही.

"भिंग वसंतापर्यंत राहू दे माझ्याकडे, मास्तर," ती म्हणाली. "मग या चहाला. डबा तोवर रिकामा होईल."