जोडीची प्रार्थना

फाटकापाशी येऊन धाकटा पुन्हा बुटाची नाडी बांधायला वाकला. नाडी काही सुटलेली नव्हती. आत पहिलं गीत सुरू व्हायच्या बेतात होतं आणि चर्चच्या दारात, नेहमीच्या जागी, थोरला उभा होता. येणाऱ्या प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत घेऊन "या, या" म्हणत होता. सगळी मंडळी त्याला दादाच म्हणायची, पाळकसुद्धा. सख्खा भाऊ मात्र त्याला एकच होता, आणि तो इकडे नाडीशी खेळत बसला होता.

भांडण झालं ते याच चर्चमध्ये. दोघे भाऊ सुतार, दुकान एक. थोरल्याला वाटेवरचा माणूस घरी आणायची खोड. एकदा त्याने तुरुंगातून सुटलेल्या एकाला आणलं, दुकानातच झोपायला जागा दिली आणि रविवारी उपासनेला आपल्या शेजारी बसवलं. थोड्याच दिवसांत वडिलांच्या हत्यारांची पेटी गायब झाली. धाकट्याच्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं. भर मंडळीसमोर त्याने त्या माणसाला चोर म्हटलं. तो बिचारा उठून गेला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

"देवाच्या घरातून माणूस हाकललास तू," थोरला म्हणाला होता. "आता मला तोंड दाखवू नकोस."

पेटी पुढे सापडली. एका गिऱ्हाइकाच्या माळ्यावर, धाकट्याने स्वतःच्या हाताने ठेवलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पण कळसा सापडल्याचं गावाला सांगायची त्याची छाती झाली नाही. त्याने दुसऱ्या शहरात दुकान थाटलं, संसार केला, केस पिकवले. कुणी भावाचा विषय काढला की तो पाणी आणायला उठायचा. वहिनी गेल्याचंही त्याला फार उशिरा कळलं. त्या दिवसापासून मात्र त्याला घास गोड लागेना. एकदा दादाने "माफ केलं" म्हणावं, मग मेलो तरी चालेल, असं त्याला वाटू लागलं.

तर आता तो दारापाशी गेलाच.

थोरल्याने वर पाहिलं. चेहरा कसा लख्ख उजळला. "या, या! बरं झालं आलात. आत या, बाहेर गारठा आहे."

ते अहो-जाहो ऐकून धाकटा आधी चपापला, आणि पाठोपाठ त्याला हसूही आलं. लहानपणी रुसला की थोरला असंच करायचा. "साहेब, आपलं ताट आपण उचलाल का?" आई हसून बेजार व्हायची. म्हणजे राग आहे अजून, पण घरातला आहे.

पांढऱ्या गणवेशातली एक परिचारिका थोरल्याचा कोपर धरून त्याला बाकापर्यंत घेऊन आली. गुडघे गेले असणार, धाकट्याच्या मनात आलं. जन्मभर उकिडवं बसून लाकूड तासलं, दुसरं काय होणार?

"तुम्ही बसा दादांजवळ," ती हळूच म्हणाली. "शेजारी कुणी असलं की ते खुलतात."

थोरला पुस्तक न उघडता गात होता. एक शब्द चुकत नव्हता. आवाज मात्र म्हातारा झाला होता. पाळकांनी उपदेश कशावर केला हे धाकट्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

या मंडळीची एक रीत होती. उपासना संपली की चहाला उठण्याआधी शेजाऱ्याशी जोडी करायची. एकाने मनातलं सांगायचं, दुसऱ्याने त्याच्यासाठी देवाकडे मागायचं, मग पाळी बदलायची. धाकटा आला होता तो याच घटकेसाठी. इतर वेळी त्याला तोंड उघडता आलं नसतं.

थोरल्याने आपणहून त्याचे हात हातात घेतले. "बोला. लाजू नका."

"दादा, पेटी मीच विसरलो होतो." धाकटा म्हणाला. "गिऱ्हाइकाच्या माळ्यावर. तो माणूस चोर नव्हता. मला कळलं, तरी मी गप्प बसलो. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली मी, दादा. आणि तुझ्याकडे यायला हा दिवस उजाडावा लागला."

थोरला मन लावून ऐकत होता. त्याने एकदाही अडवलं नाही, की जुनं काही उकरलं नाही.

"फार वर्षं वागवलंत हो हे ओझं," तो म्हणाला. "ठेवा आता खाली. इथे कुणी कुणाला हाकलत नाही." मग त्याने डोळे मिटले. "प्रभू, यांनी खरं सांगितलं आहे. यांना माफ कर. यांच्या माणसांनी यांना जवळ घ्यावं. आमेन."

धाकटा रडला. पोटभर रडला. आजूबाजूच्यांनी शहाण्यासारखं दुसरीकडे पाहिलं आणि परिचारिकेने मागून रुमाल पुढे केला. एवढंच तर करायचं होतं, आणि त्यासाठी आपण अख्खी उमर घालवली! वहिनीच्या हातचं जेवण गेलं, दादाबरोबरचं काम गेलं, सगळं त्या एका पेटीपायी. पण उरलेलं तरी आता आपलं आहे, असं त्याला वाटलं. छातीवरची शिळा कुणी उचलून नेल्यासारखा श्वास मोकळा झाला.

त्याने नाक पुसलं, थोरल्याचे हात पुन्हा घट्ट धरले. "आता माझी पाळी. सांग, दादा. तुझ्यासाठी काय मागू?"

थोरला जरा वेळ दाराकडे बघत राहिला. मग त्याच्या कानाशी वाकला.

"माझा धाकटा भाऊ रागावून निघून गेलाय हो. मीच फार तोडून बोललो त्याला. तो एकदा या दारातून आत यावा, एवढंच मागा. तुम्ही नवीन आहात, तुमचं तरी देव ऐकेल."