पट्ट्याचे तास

"आमच्या कारखान्यातील पॅकिंग विभागातील महिलांचे सरासरी ताशी वेतन या क्षेत्रातील अन्य खाजगी कारखान्यांपेक्षा अधिक आहे; किंबहुना ते आमच्या कारकुनांच्याही वेतनाहून वरचढ आहे." मॅनेजरांनी हे वाक्य कामगार अधिकाऱ्यांपुढे खणखणीत आवाजात वाचले आणि तक्ता पुढे सरकवला.

तक्त्यात एकही आकडा खोटा नव्हता. तशी गरजच पडली नव्हती. बिस्किटांचे पुडे भरणाऱ्या काकू रोज दहा तास कारखान्यात असत. त्यांपैकी पुडे वाहून नेणारा सरकता पट्टा फिरे जेमतेम सहा तास. पगार सहा तासांचा, भागाकारही सहानेच. पट्टा अडकला, भट्टी थंडावली, वीज गेली, की उरलेले चार तास काकू शास्त्रीयदृष्ट्या अस्तित्वातच नसत. दहाने भागले असते तर फाटकावरचा पहारेकरीदेखील त्यांच्या पुढे निघाला असता. पण असले उद्धट गणित सभ्य कार्यालयांत कोणी करीत नाही.

काकूंनी त्या चार तासांचा पगार मागणारा अर्ज कामगार अधिकाऱ्यांकडे केला होता. अर्ज फेटाळला गेला तर उद्यापासून येण्याची तसदी घेऊ नका, असे त्यांना आधीच मोठ्या आपुलकीने बजावून ठेवले होते.

"पट्टा थांबला की या नुसत्या बसून असतात, साहेब," मॅनेजर म्हणाले.

"बसते कशावर? स्टुलं तुम्हीच उचलून नेलीत ना!" काकू उसळल्या. "उभी असते. डोळे पट्ट्यावर. मुतायला जायचं तरी परवानगी लागते मेली!"

अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे पाहिले. जेवणाची वेळ झाली होती, आणि पोटापुढे न्यायाचे फारसे चालत नाही. त्यांनी पेनाचे टोपण काढले.

"बाई, काम केलं त्याचा पगार मिळाला. नुसतं थांबण्याचा पगार कोणी देतं का?"

फेटाळण्याच्या शेऱ्याचे पहिले अक्षर कागदावर उतरलेसुद्धा. काकूंना कायदा येत नव्हता. त्यांना फक्त संताप आला.

"आणि हे हो? पट्टा थांबला की यांच्या केबिनमधनं घोरण्याचा आवाज येतो. अख्खा विभाग ऐकतो. यांचे तास कोणी कापले?"

कोपऱ्यातला लेखनिक खुदकन हसला. मॅनेजरांचे कान लालबुंद झाले. स्त्रियांचे चार तास गिळल्याचा आरोप त्यांनी सकाळपासून स्थितप्रज्ञाप्रमाणे ऐकून घेतला होता. स्वतःला ऐदी म्हटलेले मात्र त्यांना सोसवेना. ते उभे राहिले, कोटाचे बटण लावले आणि लेखनिकावर खेकसले, "हसतोस काय? मी सांगतो ते उतरवून घे!"

लेखनिकाने उतरवून घेतले, शब्द न् शब्द:

"पट्टा बंद असताना मी झोपत नाही. तो कधी सुरू होईल याचा नेम नसतो, म्हणून मी जागेवर थांबून असतो. आणि जागेवर थांबून राहणं हेसुद्धा कामच आहे. त्याचाच मला पगार मिळतो."