ऐकून लिहायचं नाव

"आणखी एक नाव लिहिशील?" कालिंदीनं विचारलं.

"लिहीन की, काकी. पण मोठ्यानं सांगा. परदेशी नावं आम्ही ऐकूनच लिहितो," मिदोरी म्हणाली.



मिदोरी दुसऱ्या दिवशी जपानला परत चालली होती. संस्कृत शिकायला ती काशीत आली आणि ब्रह्मा घाटावर दातारांच्या माडीवर भाड्यानं राहिली. त्या हिवाळ्यात तिला टायफॉइड झाला. कालिंदीनं तिला पोटच्या मुलीसारखं जपलं, मऊ भात भरवला, केस विंचरून दिले. तेव्हापासून "तुम्हाला काय देऊ?" हा मिदोरीचा धोशा होता. कालिंदी प्रत्येक वेळी "काही नको गं" म्हणायची. शेवटी आज मिदोरीनं जाड कागद नि कुंचला काढला आणि घरच्यांची नावं जपानी अक्षरांत लिहायला बसली. कालिंदीच्या नवऱ्याचं, श्रीनिवासरावांचं झालं. कालिंदीचं लिहिताना ती हसली. "आमच्यात 'ल' नाही. तुम्ही कारिंदी झालात." कॉलेजात जाणारी लेक कस्तुरी आपल्या नावाचा कागद फुंकर घालून वाळवत होती.

कस्तुरीच्या आधी एक मुलगा झाला होता. बारशाच्या आधीच तो गेला. श्रीनिवासरावच त्याला नावेतून गंगेच्या मधल्या धारेत सोडायला घेऊन गेले. परतल्यावर त्याच्याविषयी ते कधी बोलले नाहीत. "नाव ठेवलं नव्हतं तेच बरं. माया लागत नाही," सासूबाई म्हणाल्या होत्या.

कालिंदीनं नाव मनात ठरवलं होतं. ते ओठांवर कधी आणलं नव्हतं.

श्रीनिवासराव खिडकीशी सुपारी कातरत बसले होते. तिनं त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

"निमिष," ती म्हणाली. आवाज नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाली, "निमिष."

"नि... मि... शु," म्हणत मिदोरीनं कुंचला टेकवला.

"ये निमिष कौन है, आई?" कस्तुरीनं विचारलं.

अडकित्त्याचा आवाज थांबला. आता हे उठून बाहेर जाणार, असं तिला वाटलं. श्रीनिवासराव उठले आणि मिदोरीसमोर येऊन बसले.

"तुझा दादा," ते लेकीला म्हणाले. मग मिदोरीकडे वळले. "पूर्ण नाव लिही, बेटी. निमिष श्रीनिवास दातार."