सुगीचा पाव

पोलंडमधल्या आमच्या जिल्ह्यात सुगीच्या सणाची एक रीत आहे. नव्या गव्हाचा पाव जिल्हाप्रमुखाला द्यायचा आणि त्याने तो सगळ्यांदेखत कापून पहिला घास खायचा. यंदा पाव भाजायचा मान माझा होता.

आमचा प्रमुख म्हणजे टिकोजीराव. पणजोबांच्या काळापासूनची गावची पाणचक्की याने बंद पाडली आणि तिथे हॉटेल काढलं. चक्कीच्या दगडावर आता पाहुणे कॉफी पितात, आणि हा माइकवर छाती काढून सांगत होता, "आम्ही वारसा जपला!"

मी पाव पुढे केला. त्याने फोटोपुरते पावाला ओठ टेकवले आणि सुरी चालवली. वरचं जुन्या पिठाचं कवच फुटलं आणि आतले गव्हाचे अख्खे दाणे त्याच्या चकचकीत बुटांवर सांडले.

"बोगुमिवाबाई, हा काय चावटपणा?"

"गहू यंदाचाच आहे, साहेब. चक्की तुमच्याकडे आहे. आता रीत पाळा, लोक खोळंबलेत."

मैदानात कोणी हललं नाही. निवडणूक तोंडावर होती. शेवटी त्याने चार दाणे तोंडात टाकले आणि कराकरा चावले. माइक चालूच होता.

चक्की बंद पडल्यापासून गावात गहू दळल्याचा तेवढाच आवाज आम्ही ऐकला.